कफनीच्या रंगावरून

1219 साली इटलीतून साठेक अनवाणी माणसं आल्प्स ओलांडून जर्मन मुलखात उतरली. अंगात जाडीभरडी कफनी, कमरेला दोर, कनवटीला छदाम नाही. जर्मन भाषेचा तर एक शब्द कुणाला येत नव्हता. एका गावात कुणीतरी विचारलं, जेवायला-राहायला हवंय का? पाहुण्यांनी अंदाजाने ‘या’ म्हटलं. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’. जेवण मिळालं, पाठ टेकायला जागा मिळाली. शब्द चांगला गुणाचा दिसतो म्हणून त्यांनी ठरवूनच टाकलं, की इथे कुणी काहीही विचारलं तरी ‘या’ म्हणायचं. पुढे लोकांनी विचारलं, तुम्ही लोंबार्दीतले पाखंडी ना? तिकडे धर्म नासवलात, आता इकडे नासवायला आलात ना? पाहुणे हसतमुखाने ‘या’ म्हणाले. मग काय व्हायचं ते झालं. काहींना झोडपलं, काहींना कोंडलं, काहींचे कपडे उतरवून गावासमोर तमाशा केला. उरलेसुरले इटलीला परतले आणि जर्मनी हा हुतात्मा व्हायची हौस असलेल्यांनीच जायचा देश आहे, असा बोलबाला त्यांच्या संघात झाला.

ही हकिगत जानो गावच्या जॉर्डनने सांगितलेली आहे. तो स्वतः याच, असिसीच्या फ्रान्सिसने काढलेल्या, संघातला. म्हातारपणी, 1262 साली, त्याने आपल्या आठवणी लिहवून घेतल्या आणि त्या चांगल्या मिश्कील आहेत. त्याच वेळी हंगेरीत गेलेल्यांचे हाल तो सांगतो. धनगरांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, भाल्याच्या बोथट टोकांनी ढोसलं. कपड्यांसाठी मारताहेत असं वाटून बंधूंनी आधी पांघरूण दिलं, मग कफनी, मग चोळणाही. एकाने पंधरा वेळा चोळणा गमावला. शेवटी त्याने चोळण्याला ताजं शेण फासलं, तेव्हा कुठे तो अंगावर टिकला. फ्रान्समध्ये गेलेल्यांना लोकांनी विचारलं, तुम्ही अल्बीचे पाखंडी का? अल्बी म्हणजे काय हेच ठाऊक नसल्यामुळे तेही हो म्हणून बसले.

या गमतीच्या गोष्टी म्हणून सोडून देता येत नाहीत. दारात उभा राहून मागणारा माणूस कोण आहे, हे दार उघडणाऱ्याला कळावं लागतं. शेतकरी पिकावरून ओळखू येतो, लोहार भात्यावरून. ज्याने घर, गाव, पैसा, हत्यार सगळं टाकलं त्याला ओळखायचं कशावरून? तेराव्या शतकातल्या युरोपात या प्रश्नाचं उत्तर सापडायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. ते उत्तर कपड्याचा रंग, कमरेचा दोर, पायातला जोडा आणि मठाची गल्ली यांतून मिळालं. स्वतः संन्याशांनी घेतलेली नावं कागदावर राहिली. चालली ती लोकांनी ठेवलेली.

त्याआधी युरोपात संन्यासी म्हणजे मठवासी, ‘मंक’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकटा. तो गावाबाहेर राही, एकदा मठात शिरला की मरेपर्यंत तिथेच राहण्याची शपथ घेई. त्याच्याजवळ स्वतःचं काही नसे, पण मठाजवळ शेतं, गिरण्या, द्राक्षमळे, कुळं असं सगळं असे. बाराव्या शतकात इटली, फ्रान्स, ऱ्हाइनकाठ इथली शहरं फुगली. नाणं खेळू लागलं, व्यापारी श्रीमंत झाले, विणकर आणि हमाल गल्लीबोळांत दाटीने राहू लागले. या लोकांपर्यंत पोचणारं मठात कुणी नव्हतं आणि गावच्या पुरोहिताला धड प्रवचन येत नव्हतं. ही पोकळी आधी भरून काढली सामान्य माणसांनी. ल्यों शहरातला वाल्देस हा व्यापारी 1173च्या सुमारास सगळं वाटून टाकून रस्त्यावर उपदेश करू लागला. त्याच्या मागच्या लोकांना ‘ल्योंचे गरीब’ म्हणत. परवानगीशिवाय उपदेश करतात म्हणून 1184 साली चर्चने त्यांना बहिष्कृत केलं. दक्षिण फ्रान्समध्ये कॅथर पंथाचे उपदेशकही असेच साधेपणाने हिंडत. म्हणजे अनवाणी, गरीब आणि बायबल सांगत फिरणारा माणूस दिसला की तो पाखंडी असणार, असा लोकांचा आणि अधिकाऱ्यांचा समज आधीच पक्का झाला होता. फ्रान्सिसची माणसं नेमकी त्या वेशात बाहेर पडली.

फ्रान्सिसचा बाप पिएत्रो बर्नार्दोने असिसीतला कापडाचा व्यापारी होता. पोराने दुकान सांभाळायचं सोडून पडक्या देवळांची डागडुजी चालवली, त्यासाठी बापाचा माल विकला, आणि 1206च्या सुमारास प्रकरण बिशपपुढे गेलं. तिथे फ्रान्सिसने पैसे तर परत केलेच, अंगावरचे कपडेही काढून बापाच्या हवाली केले. बिशपने आपल्या झग्याखाली त्याला झाकून घेतलं. या एका प्रसंगावर चित्रकारांनी पुढे भिंतीच्या भिंती रंगवल्या. मला त्यात वेगळंच काही दिसतं. कापडाच्या पेढीवर वाढलेल्या, सणगाचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या माणसाने वेश निवडताना काय निवडलं? न रंगवलेलं, घोंगडीच्या जातीचं लोकरी कापड. काळ्या आणि पांढऱ्या मेंढीची लोकर मिसळली की राखी रंग येतो, तो. रंग देणं हाच तेव्हा कापडाच्या किमतीचा मोठा भाग असे. रंग नाही म्हणजे किंमत नाही. दोनेक वर्षांनी, येशूने शिष्यांना झोळी, पैसा, काठी काही न घेता पाठवलं, हा बायबलमधला भाग ऐकून त्याने वहाणा काढल्या आणि चामड्याच्या पट्ट्याऐवजी दोर बांधला. पट्टा नाही म्हणजे पैशाचा कसा अडकवायलाही जागा नाही.

सुरुवातीला त्यांना नावच नव्हतं. रस्त्यात लोक विचारत, तुम्ही कोण, कुठल्या संघाचे? ते सांगत, आम्ही असिसीचे प्रायश्चित्त करणारे. 1209 साली अकरा साथीदारांना घेऊन फ्रान्सिस रोमला गेला आणि तिसऱ्या इनोसन्ट पोपने तोंडी परवानगी दिली. नाव ठरलं ते त्यानंतर: ‘फ्रात्रेस मिनोरेस’, म्हणजे धाकटे किंवा कनिष्ठ बंधू. या शब्दाला असिसीत धार होती. शहरातल्या बड्या घराण्यांना मायोरेस म्हणत आणि बाकीच्यांना मिनोरेस. दोघांत मारामाऱ्या झाल्या होत्या, 1210 साली लेखी तहही झाला होता. संपन्न व्यापाऱ्याच्या मुलाने आपल्या लोकांसाठी खालच्या पायरीचा शब्द उचलला. बुर्कार्ड नावाचा एक जर्मन मठाधिपती तेव्हा इतिवृत्त लिहीत होता. तो म्हणतो, यांना आधी ‘कनिष्ठ गरीब’ म्हणत. पण गरीब म्हणवून घेण्यातही मिरवणं येतं म्हणून त्यांनी ‘कनिष्ठ बंधू’ हे नाव पसंत केलं. ल्योंच्या गरिबांशी गल्लत टळली, हा फायदा वेगळाच.

‘फ्रातेर’ म्हणजे भाऊ. त्याचं फ्रेंचमध्ये ‘फ्रेर’ झालं, इंग्रजीत ‘फ्रायर’, आणि इटालियनमध्ये नुसतं ‘फ्रा’ उरलं. चित्रकार फ्रा अँजेलिकोच्या नावातला ‘फ्रा’ तोच. जुन्या मठांतही एकमेकांना भाऊ म्हणण्याची रीत होतीच, पण मठ सोडून रस्त्यावर आलेल्या या मंडळींना तो शब्द कायमचा चिकटला.

अशा गल्लतीवर उपाय म्हणून कागद आले. 1219च्या जून महिन्यात तिसऱ्या होनोरियस पोपने सगळ्या बिशपांच्या नावे पत्र दिलं, की हे बंधू आमच्या मान्यतेतले आहेत, त्यांना श्रद्धावंत कॅथलिक म्हणून वागवा. फ्रेंच बिशपांची शंका तरीही फिटली नाही, म्हणून 1220च्या मे महिन्यात त्यांच्यासाठी आणखी एक पत्र निघालं. आज आपण ओळखपत्र म्हणतो ते हेच. खुद्द फ्रान्सिसला अशा कागदांची चीड होती. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या निरोपात त्याने संरक्षणासाठी रोमकडून पत्रं मागू नका, असं बजावलं आहे. पण तोवर संघ हजारोंचा झाला होता आणि कागदावाचून हंगेरीच्या धनगरांपुढे कुणाची डाळ शिजणार नव्हती.

1221च्या असिसीच्या मेळ्यात तीन हजार बंधू जमल्याचं जॉर्डन सांगतो. तिथे पुन्हा जर्मनीचा विषय निघाला. हुतात्मा व्हायला तयार आहेत त्यांनी उभं राहावं म्हटल्यावर नव्वदेक जण उठून एका बाजूला झाले. जॉर्डनला जायचं नव्हतं. जर्मनांच्या रागापासून वाचव, अशी तो देवाला रोज प्रार्थना करी. पण आदल्या वर्षी मोरोक्कोत पाच बंधू मारले गेले, त्यांची नावं आपल्याला आधी माहीत नव्हती याची त्याला चुटपुट लागली होती. या वेळी चूक नको म्हणून तो त्या नव्वदांत शिरला आणि एकेकाला नावगाव विचारू लागला. उद्या हे मारले गेले की आपण सांगायला मोकळे, मी यांना ओळखत होतो! त्यांत पाल्मेरियो नावाचा एक थट्टेखोर होता. त्याने जॉर्डनचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाला, तूही आमच्यातलाच. जॉर्डन ओरडत राहिला, मी तुमच्यातला नाही, मला नुसती नावं हवी आहेत! मेळा उठेतो त्याचं नाव यादीत पडलं होतं. तो जर्मनीत गेला, उभं आयुष्य तिथे काढलं, आणि त्याच्याचमुळे आपल्याला हे सगळं माहीत आहे. या खेपेला पंचवीसेक जण गेले. पुढारी सीझर हा श्पायर गावचा, म्हणजे मुळात जर्मन. त्यामुळे ‘या’ कुठे म्हणायचं आणि कुठे नाही हे सांगायला माणूस होता. जर्मन लोकांनी त्यांना पाहून नाव ठेवलं ‘बारफ्यूसर’, म्हणजे अनवाणी पायांचे. बाझल शहरात त्यांचं देऊळ आजही त्याच नावाने ओळखलं जातं.

इंग्लंडला नऊ जण गेले, 10 सप्टेंबर 1224 रोजी डोव्हरला उतरले. उतारूंचं भाडं फेकां मठाच्या लोकांनी भरलं. चार धर्मशिक्षण घेतलेले, पाच साधे, म्होरक्या पिसाचा आन्येलो. कॅंटरबरीत त्यांना एका शाळेच्या इमारतीत खोली मिळाली. संध्याकाळी मुलं घरी गेली की हे बंधू चुलीपाशी येऊन बसत. बिअरचा उरलेला गाळ भांड्यात घालून तापवत आणि एक भांडं आळीपाळीने फिरवत. गाळ फारच दाट झाला तर पाणी ओतत. एक्लस्टनच्या थॉमसने ही आठवण लिहून ठेवली आहे, आणि ते पेय ते आनंदाने पीत असंही तो नोंदतो. इंग्रजांनी त्यांचा राखी रंग पाहिला आणि नाव दिलं ‘ग्रे फ्रायर’. फ्रेंचांचं लक्ष कमरेकडे गेलं: ‘कॉर्दलिए’, दोरवाले. एकच संघ, जर्मनीत पायावरून ओळखला गेला, फ्रान्समध्ये कमरेवरून, इंग्लंडमध्ये रंगावरून. तो राखी रंगही काही ठरीव नव्हता. 1260 साली नार्बोनच्या सभेत नियम झाला तो एवढाच, की कापड पूर्ण काळंही नसावं आणि पूर्ण पांढरंही नसावं. ज्या गावात जशी लोकर मिळेल तशी कफनी. आज फ्रान्सिस्कन म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा तपकिरी रंग बराच उशिराचा आहे.

दुसऱ्या मोठ्या संघाची गोष्ट उलट दिशेने जाते. स्पेनमधला डॉमिनिक हा शिकलेला, ओस्मा इथल्या धर्मपीठाचा सेवक. दक्षिण फ्रान्समध्ये कॅथरांशी वाद घालताना त्याच्या ध्यानात आलं, की घोड्यांवरून लवाजम्यासह येणाऱ्या धर्माधिकाऱ्याचं कुणी ऐकत नाही. त्यांच्याइतकंच साधं होऊन, पायी जाऊन, त्यांच्याहून चांगलं बोललं पाहिजे. म्हणजे फ्रान्सिसला गरिबी हीच साधना होती, डॉमिनिकला ती कामाची गरज म्हणून आली. 1215च्या लॅटरन परिषदेने नवीन नियमांचे संघ काढायला बंदी केली. म्हणून त्याने संत ऑगस्टिनचे जुनेच नियम पुढे ठेवले आणि डिसेंबर 1216 मध्ये मान्यता मिळवली. नाव कामावरूनच: ‘प्रवचनकारांचा संघ’. तोवर प्रवचन हा बिशपचा अधिकार होता. तो अधिकार एका अख्ख्या संघाच्या नावातच लिहिला जावा, हे त्या काळात धाडसाचं होतं. 1220 साली बोलोन्याच्या सभेत त्यांनी जमीनजुमला आणि उत्पन्न सोडलं, आणि तेही झोळीवर आले.

लोकांनी मात्र ‘प्रवचनकार’ फारसं मनावर घेतलं नाही. आत पांढरा झगा आणि बाहेर जाताना वर काळं पांघरूण असा त्यांचा वेश. ते रस्त्यावर दिसत तेव्हा काळेच दिसत, म्हणून इंग्लंडात ‘ब्लॅक फ्रायर’. पॅरिसमध्ये 1218 साली त्यांना संत जेम्सच्या यात्रेकरूंसाठी असलेली धर्मशाळा राहायला मिळाली. जेम्स म्हणजे फ्रेंच ‘जाक’, लॅटिन ‘जाकोबुस’. त्या नावावरून ते ‘जाकोबँ’ झाले. आणखी एक कोटी लॅटिन जाणणाऱ्यांनी केली: ‘डोमिनिकानी’ची फोड ‘डोमिनी कानेस’, देवाचे कुत्रे. टिंगल म्हणून ती किती आणि कौतुक म्हणून किती, कोण सांगणार. डॉमिनिकच्या आईला गरोदरपणी तोंडात पेटता पलिता धरलेल्या कुत्र्याचं स्वप्न पडलं, अशी दंतकथा आधीपासून होतीच. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला मठात आंद्रेआ दि बोनायुतोने 1365च्या सुमारास एक भिंत रंगवली, तिच्यात काळे-पांढरे कुत्रे पाखंडाच्या लांडग्यांवर तुटून पडताना दिसतात. पाखंड्यांचा तपास करणाऱ्या न्यायमंडळात या संघाचे लोक पुढे होते हे लक्षात घेतलं, तर त्या कुत्र्यांकडे फार वेळ कौतुकाने बघवत नाही.

दोन संघांना यश आलं तसे तिसरे, चौथे, दहावे उगवले आणि खरा घोळ तिथे सुरू झाला. उत्तर इटलीत जॉन बोनुस याच्या अनुयायी संन्याशांचा एक गट राखी कफनी आणि पट्टा वापरत असे. लोक त्यांना फ्रान्सिस्कन समजून भिक्षा घालू लागले. फ्रान्सिस्कनांनी रोमकडे गाऱ्हाणं नेलं. 24 मार्च 1240 रोजी नवव्या ग्रेगरी पोपने काढलेला हुकूम वाचण्यासारखा आहे. झग्याच्या बाह्या रुंद असाव्यात. चामड्याचा पट्टा झग्यावरून, सगळ्यांना दिसेल असा लांब बांधावा. हातात पाच वीत उंचीची काठी असावी. जोडा एवढाच उंच असावा की पाय दिसावा. आणि भिक्षा मागताना आपण कुठल्या संघाचे हे तोंडाने स्पष्ट सांगावं. देवासाठी सगळं सोडलेल्या माणसाच्या काठीची लांबीसुद्धा खुद्द पोप ठरवतो आहे! पण घोंगडीसारख्या कापडाची कफनी ही आता गरिबीची खूण राहिली नव्हती. ती पतीची खूण झाली होती आणि पतीची नक्कल होऊ देणं कुणालाच परवडत नाही. या गटासह विखुरलेले अनेक संन्यासी 1256 साली चौथ्या अलेक्झांडर पोपने एकत्र बांधले. तेच ऑगस्टिनियन. इंग्रजांनी जीभ वळेल तसं त्यांचं ‘ऑस्टिन फ्रायर’ केलं. त्यांची काठी मात्र सुटली.

कार्मेलाइटांची गत याहून मजेदार. हे पॅलेस्टाइनमधल्या कार्मेल डोंगरावरचे तपस्वी. तिथली ख्रिस्ती सत्ता डळमळू लागली तसे 1240 नंतर युरोपात आले. त्यांच्या अंगावर पट्टेरी पांघरूण. एलिया हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला तेव्हा त्याची शाल खाली पडली, घड्यांवर ज्वाळा लागून पट्टे उमटले, अशी त्यांची त्यावरची कथा. युरोपात मात्र पट्टे म्हणजे डोंबारी, विदूषक, बदनाम बायका यांचा पोशाख. पोरं मागे लागत. पॅरिसात त्यांच्या रस्त्याला पट्टेवाल्यांचा रस्ता म्हणू लागले. हा मानभंग तीसचाळीस वर्षं सोसून 1287 साली मोंपेल्यिएच्या सभेत त्यांनी पट्टे सोडले आणि पांढरं पांघरूण घेतलं. तेव्हापासून ते ‘व्हाइट फ्रायर’. लोकांनी ठेवलेलं नाव पुसायला सगळ्या संघाला कपडे बदलावे लागले, असं उदाहरण दुसरं मला आठवत नाही.

तरटाच्या कफनीवरून नाव पडलेल्या ‘फ्रायर ऑफ द सॅक’ मंडळींना बदलायलाही वेळ मिळाला नाही. प्रोव्हान्समध्ये इयेर गावी 1250च्या आसपास त्यांची सुरुवात झाली आणि पंचवीस वर्षांत शंभरावर मठ झाले. सालिम्बेने हा फ्रान्सिस्कन बखरकार त्यांच्याबद्दल चांगलाच आंबट आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोघे जण फ्रान्सिस्कन व्हायला आले होते. संघातल्या ह्यू नावाच्या साधूने त्यांना थट्टेत रानात जाऊन कंदमुळं खायला सांगितलं आणि त्या बापड्यांनी ते खरं मानलं. झोळीत पडणारा शिधा वाटेकरी वाढले की कमी होतो, हे या आंबटपणामागचं कारण लपत नाही. 1274 साली ल्यों इथे भरलेल्या परिषदेने निकाल लावला: भिक्षेकऱ्यांचे संघ फार झाले, नव्यांनी नवे शिष्य घेऊ नयेत. फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन यांचा उपयोग उघड आहे म्हणून ते राहिले. कार्मेलाइट आणि ऑगस्टिनियन तूर्तास राहिले, 1298 साली पक्के झाले. तरटवाले शेवटचा म्हातारा मरेपर्यंत हळूहळू विझत गेले.

‘भिक्षेकरी संघ’ हा शब्द सरकारी भाषेत आला तोही शिवीच्या वाटेने. पॅरिसच्या विद्यापीठात या बंधूंनी अध्यापनाच्या जागा घेतल्या तशी जुन्या अध्यापकांची पोटदुखी वाढली. सॅं-आमूरचा विल्यम याने 1256 साली पुस्तिका लिहून विचारलं, धडधाकट माणसाने भीक का मागावी? येशूने तरी कधी मागितली का? अंगात बळ असून मागणारा तो फसवा. त्याच वर्षी पोपने पुस्तिका निषिद्ध ठरवली. बोनाव्हेंतुरा आणि थॉमस अक्वायनस या दोन्ही संघांच्या पंडितांनी उत्तरं लिहिली, आणि त्या उत्तरांत मागणं हेच भूषण ठरलं. पुढे ‘चार संघ’ म्हटलं की लोक समजून घेत.

शंभर वर्षांनी मागणाऱ्यांच्या हद्दी आखल्या गेल्या होत्या. ठरलेल्या हद्दीत भिक्षा मागण्याचा परवाना असलेल्या फ्रायरला इंग्लंडात ‘लिमिटर’ म्हणत. चॉसरच्या ‘कॅंटरबरी टेल्स’मधला गोडबोल्या ह्यूबर्ट तसाच एक. त्याच्या अंगावरचा झगा चांगल्या लोकरीचा आहे, हे चॉसर विसरत नाही. जॉन विक्लिफने तर चार संघांची लॅटिन आद्याक्षरं जुळवली: कार्मेलाइट, ऑगस्टिनियन, जाकोबँ, मिनोराइट. सी, ए, आय, एम. ‘काइम’, म्हणजे त्या काळच्या उच्चारात भावाचा खून करणारा केन. भाऊ म्हणवून घेणाऱ्यांना याहून जिव्हारी लागेल असं दुसरं काही सापडलं नसतं.

हीच मंडळी ठाण्यालाही आली होती. 1321 साली तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस असे चार फ्रान्सिस्कन चीनच्या वाटेवर ठाण्याच्या बंदरात अडकले. तिथे एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. घरधन्याने बायकोला मारहाण केली, ती काजीकडे गेली. पुरावा काय, असं विचारल्यावर तिने सांगितलं, घरी चार फ्रँक राब्बान होते, त्यांनी पाहिलं. ‘राब्बान’ हा सिरियाक भाषेतला संन्याशाचा शब्द आणि ‘फ्रँक’ म्हणजे आपला फिरंगी. ना राखी, ना दोरवाले, ना कनिष्ठ. ठाण्याच्या कचेरीत त्यांना हे पाचवंच नाव मिळालं. साक्षीला बोलावलेल्यांशी धर्मावर वाद निघाला, प्रश्न पैगंबरांविषयीच्या मतावर आला, आणि एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डन (हा दुसरा, फ्रान्सचा) तेव्हा भडोचच्या बाजूला गेला होता. परत येऊन त्याने देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. तो डॉमिनिकन होता. युरोपात एकमेकांच्या झोळीवर डोळा ठेवणाऱ्या दोन संघांपैकी काळ्याने राखीला इथे माती दिली. वर्ष-दोन वर्षांत ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन त्या बाजूने गेला, त्याने अस्थी उकरून सोबत घेतल्या आणि थेट चीनच्या बंदरात नेऊन ठेवल्या. राब्बानची गोष्ट त्यानेच लिहिली आहे.

दोनशे वर्षांनी पोर्तुगीजांबरोबर हे संघ गोव्यात आले: फ्रान्सिस्कन आधी, डॉमिनिकन 1548 साली, ऑगस्टिनियन 1572 साली. जुन्या गोव्यातला पडका उंच मनोरा ऑगस्टिनियनांचा. रंगांचे भेद इकडच्या लोकांनी कशाला लक्षात ठेवावेत? मराठीत सगळे मिळून ‘पाद्री’ झाले. हा शब्द पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला आहे, आणि त्याचा अर्थ बाप. कनिष्ठ भाऊ म्हणवून घेण्यासाठी निघालेल्यांना इथे येईतो एक पिढी वर चढवली गेली होती.

युरोपात नावं पाडण्याची खोड सोळाव्या शतकातही गेली नव्हती. फ्रान्सिसच्या मूळ वेशाकडे परत जायचं म्हणून काही बंधूंनी टोकदार लांब कुंची शिवलेली कफनी घातली. कुंचीला इटालियनमध्ये ‘काप्पुच्चो’. 1528 साली पोपने मान्यता दिली तो संघ ‘कापुचिन’ झाला, आणि त्यांच्या कफनीच्या तपकिरी रंगावरून दुधाच्या कॉफीला मिळालेलं नाव आता पुण्या-मुंबईच्या कॅफेतल्या पाटीवर असतं. इंग्लंडात आठव्या हेन्रीने 1538 साली फ्रायरांचे मठ बंद केले. माणसं गेली, नावं रस्त्यांना चिकटून राहिली. लंडनमध्ये काळ्यांच्या मठाच्या दालनात पुढे शेक्सपिअरची नाटक मंडळी खेळ करू लागली. आज तिथे ब्लॅकफ्रायर्स नावाचा पूल आणि रेल्वे स्टेशन आहे.

पण सगळ्यांत लांबचा प्रवास केला तो पॅरिसच्या धर्मशाळेवरून पडलेल्या नावाने. 1789च्या शेवटी फ्रेंच क्रांतीतले काही प्रतिनिधी बैठकीसाठी जागा शोधत होते. सॅं-ओनोरे रस्त्यावर डॉमिनिकनांचा मठ होता, त्याचं दालन त्यांनी भाड्याने घेतलं. स्वतःला ते ‘संविधानाच्या मित्रांची सभा’ म्हणवत. विरोधकांनी चिडवायला तेच नाव ठेवलं, ‘जाकोबँ’, आपण म्हणतो ते जॅकोबिन. 13 फेब्रुवारी 1790 रोजी राष्ट्रीय सभेने संन्यासाच्या शपथा रद्द केल्या, भिक्षेकऱ्यांचे संघ मोडले, तेव्हा सभेतले कितीतरी सभासद संध्याकाळी याच मठात जमत होते. सप्टेंबर 1792 मध्ये त्यांनी चिडवण्याचं नाव अधिकृतपणे स्वतःच घेतलं. 1794 साली क्लब बंद झाला, मठ पाडला गेला, त्या जागेवर भाजीपाल्याचा बाजार उभा राहिला. लोक त्याला जाकोबँचा बाजार म्हणू लागले.